शब्द काढा, श्वास ठेवा: फ्रेंच गाणी सॅक्सवर वाजवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाचेक वर्षं टेनर सॅक्सोफोन वाजवताय, नागपुरात चौघांचा बँड आहे आणि जुन्या फ्रेंच गाण्यांना मानवंदना म्हणून एक अल्बम करायचं मनात आहे. गाण्यांची कच्ची यादीही पाठवलीत. अभ्यास म्हणून जॅझ गायिका डी डी ब्रिजवॉटरचा 2005 चा ‘झे दझामूर’ ऐकलात आणि हिरमोड झाला. ‘ही तर सरळ फ्रेंच गाणीच आहेत, मागे तालवाद्यं जरा सैल वाजतायत इतकंच. यात जॅझ कुठाय?’ दुसरा प्रश्न असा की शब्दच काढून टाकले तर ही गाणी सॅक्सवर उभी राहतील का.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, पहिल्याचं उत्तर वाटेत मिळेल.

मी पियानो वाजवतो. तीसेक वर्षं झाली, त्यातली निम्मी हॉटेलांच्या लाउंजमध्ये गेली. तिथे गायिका एदित पियाफच्या ‘ला वी आं रोझ’ची फर्माईश आठवड्यातून दोनदा तरी यायचीच. फ्रेंच गाणी आपल्याला येतात अशी माझी पक्की समजूत होती. ती मोडली एका तालमीत. पणजीत एका फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंबरोबर कार्यक्रम होता. मी हौसेनं फ्रेंच गायक-गीतकार शार्ल त्रेनेच्या ‘ला मेर’ची नवी मांडणी करून नेली. दोन-दोन मात्रांवर बदलणाऱ्या जाड कॉर्ड (एकत्र वाजणारे सुरांचे गुच्छ), मध्ये एक माप (ठरावीक मात्रांचा तुकडा) कापलेलं, शेवटाला झटका. पहिल्या कडव्यानंतर बाई थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “सगळं छान आहे हो, पण मी श्वास कुठे घेऊ?”

मी कापलेलं माप ‘रिकामं’ होतं. म्हणजे कागदावर रिकामं. गाणाऱ्याच्या दृष्टीनं तिथे वाक्य संपत होतं, लाट मागे जात होती आणि पुढच्या वाक्यासाठी हवा छातीत येत होती. मी सोलो घ्यायला जागा मोकळी केली होती आणि त्या नादात गाण्याचं नाक दाबलं होतं.

फ्रेंच शाँसाँ म्हणजे आपल्या शब्दात सांगायचं तर शब्दप्रधान गायकी. धून शब्दांना धरून चालते. भावगीत गाणारा माणूस ओळीत कुठे थांबतो, कुठलं अक्षर ओढतो, कुठलं गिळतो, यावर सगळा खेळ असतो, तसंच तिथे. तुम्ही सॅक्सवर वाजवणार म्हणजे शब्द जाणार, त्याला इलाज नाही. पण ज्या श्वासावर ते शब्द बेतले होते तो श्वास ठेवता येतो. टेनरवाल्याला तर तो मुद्दाम आणावाही लागत नाही, वाद्यच फुंकरीचं आहे. आम्हा पियानोवाल्यांना श्वास न घेता तासभर वाजवता येतं, हाच आमचा घात.

जवळून बघू. ‘ऑटम लीव्ह्ज’ तुम्हाला येतच असेल, जॅझ शिकणाऱ्याच्या पहिल्या दहा धुनांत ती असतेच. मूळ नाव ‘ले फय मॉर्त’. धून जोझेफ कोस्माची, शब्द कवी झाक प्रेव्हेरचे, आणि 1946 च्या मार्सेल कार्नेच्या चित्रपटात ती गायक-नट ईव्ह मोंताँच्या वाट्याला आली. चित्रपट आपटला, गाणं राहिलं. जी मायनरमध्ये वाजवत असाल तर तुमच्या टेनरच्या कागदावर ए मायनर दिसेल (टेनरचे स्वर वाजतात त्याहून वर लिहितात). सुरुवात अशी: ए, बी, सी आणि मग लांब एफ. पुढे जी, ए, बी आणि मग ई, पुन्हा ई. हा दुसरा ‘ई’ बहुतेक जण वाजवत नाहीत, पहिलाच लांबवतात. इंग्रजी शब्दांत तिथे ‘विंडो’ या शब्दाची शेपटी आहे. फ्रेंचमध्ये तिथे ‘रसाँब्ल’ शब्दाचं शेवटचं अक्षर आहे, जे बोलताना जवळजवळ ऐकूच येत नाही, पण गाताना त्याला स्वतःचा स्वर मिळतो. आपल्याकडे ‘पाऊस’ बोलताना ‘स’ पाय मोडल्यासारखा येतो आणि गाताना त्याच्या पोटातला ‘अ’ हळूच उमलतो, अगदी तसं. तो दुसरा ‘ई’ वाजवा, पण पहिल्याच्या निम्म्या हवेवर, जीभ न लावता. एवढ्या एका स्वरानं धून इंग्रजीतून फ्रेंचमध्ये येते. पटत नसेल तर फोनवर दोन्ही प्रकारे रेकॉर्ड करून उद्या सकाळी ऐका.

या गाण्याचं जॅझमध्ये इतकं फावलं याला कारण त्याच्या कॉर्ड. पाच-पाच सुरांची उतरण घेत आधी मेजर घरी, म्हणजे उजळ मूळ सुराकडे जायचं, तिथून तशाच पायऱ्यांनी मायनर घरी, म्हणजे उदास सुराकडे उतरायचं, की झाली फेरी पूर्ण. शिकवायला यापेक्षा सोयीचं काही नाही. 1958 मध्ये सॅक्सवाला कॅननबॉल ॲडर्लीच्या ‘समथिन एल्स’ अल्बमवर माइल्स डेव्हिसनं ती ट्रम्पेटला म्यूट (आवाज दाबणारं झाकण) लावून वाजवली आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस पियानोवाला बिल एव्हान्सच्या त्रयीनं वेगळ्याच अंगानं. माइल्सची नक्कल करू नका, पण तो दोन ओळींमध्ये किती वेळ काहीच करत नाही ते घड्याळ लावून मोजा.

मात्र अमेरिकेला जाताना या गाण्याचं एक मोठं सामान बंदरावरच राहिलं. मोंताँच्या रेकॉर्डमध्ये आपण ओळखतो ती धून सुरू होण्याआधी एक लांबलचक कडवं आहे, जवळजवळ बोलल्यासारखं, आठवणी सांगणारं. जॅझवाल्यांनी ते टाकलं आणि फक्त मुखडा ठेवला. नाटकातली नांदी, प्रवेश सगळं कापून थेट पद सुरू करावं तसं. तुमच्या अल्बमला वेगळेपण द्यायचं असेल तर हे कडवं परत आणा. ठेका नको, बास आणि सॅक्स दोघंच, लय मोकळी. मग ड्रमवाल्यानं ब्रश उचलला की मुखडा. ऐकणाऱ्याला वाटतं, अरे, हे तर आपण शंभरदा ऐकलंय, मग आज असं का लागतंय!

शब्द बदलले की गाण्याचा स्वभावही बदलतो, हे वाजवणाऱ्यानं विसरू नये. ‘ला मेर’मध्ये प्रेयसी नाहीच, आहे तो फक्त समुद्र: खाडीतलं पाणी, पांढरे पक्षी, पावसाखाली बदलणारा रंग. इंग्रजी ‘बियाँड द सी’ झालं तेव्हा समुद्रापलीकडे वाट पाहणारं माणूस आलं, आणि 1959 मध्ये बॉबी डॅरिननं ते पितळी वाद्यांच्या फौजेसह उडवून दिलं. मजेशीर आहे, मीही लाउंजमध्ये तसंच वाजवलंय. पण त्रेनेचं मूळ ऐका, लाट हळूहळू चढत जाते. मधल्या भागात तर कमालच आहे: एफमध्ये असाल तर धून एकदम ए मेजरला जाते, मग सी मेजरला आणि मग घरी. एफ, ए, सी ही एफ मेजर कॉर्डचीच तीन पावलं. माझ्या जाड कॉर्डनी मी नेमकं हेच झाकून टाकलं होतं, ऊन पडलेल्या अंगणावर ताडपत्री अंथरावी तसं.

त्रेनेचंच 1942 चं ‘क रेस्त-तिल द नोझामूर’ घ्या. फ्रेंचमध्ये तो विचारतो की आपल्या प्रेमाचं उरलं काय, आणि उत्तरादाखल एक जुना फोटो, एक गाव अशा फुटकळ गोष्टी मोजतो. इंग्रजी ‘आय विश यू लव्ह’मध्ये तेच गाणं निरोपाची सदिच्छा झालं, थंडीत ऊब मिळो वगैरे. एकच धून, पण पहिल्यात माणूस मागे बघतोय, दुसऱ्यात दाराशी उभा आहे. सोलो कुठून सुरू करायचा हे यावर ठरतं. मला विचाराल तर फ्रेंच बाजूनं वाजवताना पहिला कोरस, म्हणजे धुनेची पहिली पूर्ण फेरी, जवळजवळ धुनेलाच धरून घ्यावा. जुने फोटो उलटतानाही आपण भराभरा उलटत नाही.

आता ब्रिजवॉटरबाई. तो अल्बम पुन्हा लावा, या वेळी गाण्यांची यादी समोर ठेवा. बहुतेक गाण्यांना दोन नावं आहेत, एक फ्रेंच, एक इंग्रजी. बाई मेम्फिसच्या, ऐंशीच्या दशकात फ्रान्सला जाऊन राहिलेल्या. शीर्षकगीत 1930 चं, जोसेफिन बेकरनं गाजवलेलं. तीही अमेरिकन, सेंट लुईची. आपली दोन प्रेमं, आपला देश आणि पॅरिस, असं ते गाणं म्हणतं. म्हणजे नाव निवडतानाच बाईंनी सांगून ठेवलंय की हा परक्यानं केलेला मुजरा नसून दोन घरांच्या मधल्या दारात बसून मांडलेला हिशेब आहे. यादीतलं ‘डान्से स्यूर म्वा’ बघा: ते फ्रेंच गाणंच नव्हे, नील हेफ्टीच्या ‘गर्ल टॉक’ या अमेरिकन धुनेवर फ्रेंच गायक क्लोद नूगारोनं फ्रेंच शब्द चढवले. ‘ला बेल व्ही’ साशा दिस्तेलचं, आणि दिस्तेल मुळात जॅझ गिटारवाला. त्रेने तरुणपणी स्विंगवर, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीवर, पोसलेला. जँगो राइनहार्टनं तीसच्या दशकात झां साब्लाँसारख्या गायकामागे गिटार वाजवली. तेव्हा ‘यात जॅझ कुठाय’ या प्रश्नात एक गृहीतक दडलंय, की गाणं फ्रेंच आणि जॅझ वरून शिंपडायचा. तो तर पिठातच मळलेला होता.

शिवाय ‘अस्सल फ्रेंच’ म्हणावं कुणाला? कोस्मा हंगेरीत जन्मला, मोंताँ इटलीत, गायक झाक ब्रेल बेल्जियन, जँगो बेल्जियममध्ये जन्मलेला रोमा, गायक शार्ल अझनावूर आर्मेनियन आईबापांचा. शुद्धतेची काळजी आपण नको करायला.

ऐकताना एवढंच पाहा: फ्रेंच ओळीवरून इंग्रजी ओळीवर जाताना बाईंचा ठेका कसा बदलतो. फ्रेंचमध्ये जोर वाक्यखंडाच्या शेवटच्या अक्षरावर येतो, मधली अक्षरं मण्यांसारखी सारखी. इंग्रजीत प्रत्येक शब्दाला स्वतःचा आघात. स्विंग इंग्रजी आघातांवर सहज बसतं. फ्रेंच ओळ स्विंग करायची तर ती सपाट धावू द्यावी लागते आणि वजन टोकाला टाकावं लागतं. तुम्हाला जे ‘सैल’ वाटलं ते बहुधा हे. हां, त्यात अकॉर्डियन माझ्या कानाला काही ठिकाणी जास्त होतं, हे मान्य.

तुमच्यासाठी खरा गुरुपाठ मात्र दुसराच: बार्नी विलेनचा 1987 चा ‘फ्रेंच बॅलड्स’. नाव वाचून हसू नका. नीसमध्ये जन्मलेला टेनरवाला. डिसेंबर 1957 मध्ये माइल्सनं पॅरिसमध्ये लुई मालच्या चित्रपटासाठी रात्रभर बसून संगीत रेकॉर्ड केलं, तेव्हा शेजारी हा वीस वर्षांचा पोरगा उभा होता. तीस वर्षांनी केलेल्या या अल्बममध्ये पियानो, बास, ड्रम आणि टेनर, बस्स. गायक नाही, अकॉर्डियन नाही, आयफेल टॉवर दाखवणारं काहीही नाही. तो ज्या तऱ्हेनं ओळ सोडतो, शेवटच्या स्वराच्या कडेला हवेचा आवाज ठेवतो, त्यावरून वाटतं की या माणसाला शब्द पाठ आहेत. म्हणून माझा पहिला गृहपाठ हा: प्रत्येक गाण्याचे शब्द पाठ करा. उच्चार मोडके असले तरी चालतील. अर्थ एखाद्या जाणकाराकडून ओळ-ओळ समजून घ्या, मग सॅक्स उचला. माझे गोव्याचे मास्तर, जुन्या डान्सबँडांतले सॅक्सोफोनवाले, कुठलंही गाणं शिकवण्याआधी म्हणायला लावायचे. इंग्रजी असो की कोंकणी, आधी तोंडानं. मला तेव्हा तो वेळकाढूपणा वाटायचा.

अकॉर्डियनचं काय करायचं? तीन मात्रांचं वाल्स आणि डुलणारा अकॉर्डियन लावला की पॅरिस उभं राहतं, म्हणून सगळे तोच मसाला घालतात. तो डुलणारा आवाज येतो कुठून, तर प्रत्येक स्वराला दोन-तीन पट्ट्या (रीड) असतात आणि त्या मुद्दाम किंचित बेसूर लावलेल्या असतात. एक सेकंदाला 440 कंपनांवर, दुसरी 443 वर, की सेकंदाला तीन हेलकावे. आपल्या पेटीतही दोन ओळींच्या पट्ट्या जरा सरकल्या की असाच आवाज येतो आणि आपण दुरुस्तीवाल्याला बोलावतो. पेटीचं मूळही पॅरिसचंच, 1840 च्या सुमारास अलेक्झांद्र दबँनं हार्मोनियमचं पेटंट घेतलं तिथलं. मग तुमच्या अल्बममध्ये पेटी घ्यावी का? एका गाण्यात, एकच पट्टी उघडून, लांब सुरांसाठी घ्या. जास्त केलंत तर लोक ‘फ्यूजन’ म्हणतील आणि मग त्या शब्दातून सुटका नाही.

वाल्सबद्दल मात्र थोडं थांबतो. ‘सू ल स्येल द पारी’ हे 1951 चं गाणं तुमच्या यादीत येणारच. म्युझेत, म्हणजे पॅरिसच्या नाचाच्या अड्ड्यांवरच्या अकॉर्डियनच्या, वाल्समध्ये पहिली मात्रा जमिनीवर पाय आपटल्यासारखी, दुसरी-तिसरी हलकी. ड्रमवाल्यानं तेच वाजवलं तर लग्नाचा हॉल होतो. उपाय असा: बासनं तीन मात्रांवर दोन समान ठोके टाकायचे, म्हणजे पहिला समेवर आणि दुसरा दोन-तीनच्या मधोमध. तीनावर दोन. तुम्ही वर धून तशीच तीनात ठेवा. दादऱ्याच्या अंगानं विचार करणाऱ्या आपल्या तबलजीला हे पाच मिनिटांत समजतं, जॅझ शिकलेल्या ड्रमरला कधी कधी अर्धा तास लागतो. वेग फार नको. ही दोन-तीनची ओढाताण ऐकू यायला वेळ मिळाला पाहिजे.

सुरांच्या निवडीत आळस करू नका. गायकांच्या रेकॉर्डचे सूर टेनरला आपोआप सोयीचे पडत नाहीत. धून टेनरच्या मधल्या आणि खालच्या पट्टीत बसवा, वरचा टोकाचा आवाज अख्ख्या अल्बममध्ये दोन-तीनदाच वापरा. ‘ला वी आं रोझ’ची धून वरच्या लांब स्वरावरून पायऱ्या उतरत खाली येते. तो पहिला स्वर फार उंच घेतलात तर ओरडल्यासारखा लागतो. 1950 ची लुई आर्मस्ट्राँगची रेकॉर्ड ऐका, ट्रम्पेटवर त्यानं धून जवळपास जशीच्या तशी ठेवली आहे, फक्त ठेक्याच्या किंचित मागे. इतक्या मोठ्या माणसाला तिथे जास्त काही करावंसं वाटलं नाही.

हक्कांचा विषय कोरडा आहे, पण जुनी गाणी म्हणजे फुकट नव्हेत. आपल्याकडे कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, फ्रान्समध्ये 70. कोस्मा 1969 मध्ये गेला, प्रेव्हेर 1977 मध्ये, ‘ला वी आं रोझ’चा संगीतकार लुईगी 1991 मध्ये, त्रेने तर 2001 मध्ये. पियाफ 1963 मध्ये गेली म्हणून तिचं नाव पाहून निर्धास्त होऊ नका, धून तिची नाही. स्टुडिओचे पैसे भरण्याआधी प्रकाशकांच्या परवानग्यांचं मार्गी लावा. एका अल्बमचे तयार ट्रॅक मी वर्षभर कपाटात ठेवलेत, याच कारणानं, आणि चूक माझीच होती.

राहिलं झाक ब्रेलचं ‘न म कित पा’. तुमच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकावर आहे. 1959 चं गाणं, सोडून जाऊ नकोस म्हणून केलेली याचना. पाच-पाच अक्षरांच्या छोट्या ओळी, एकच विनवणी पुन्हा पुन्हा. धुनेत फारसं काही घडत नाही, घडतं ते माणसाच्या लाचारीत. नीना सिमोननं 1965 मध्ये ते फ्रेंचमध्येच गायलं आणि तिला शब्दांचा आधार होता. सॅक्सवाल्यांच्या साथीला मी हे गाणं पियानोवर चार-पाच वेळा वाजवलंय. दर वेळी दुसऱ्या कोरसला वाजवणाऱ्याच्या हातून सुंदर सुंदर जागा यायला लागतात आणि याचना करणारा माणूस अचानक सजूनधजून उभा दिसतो. ते यादीतून काढा. त्या जागी संगीतकार मिशेल लग्राँचं काहीतरी घ्या, 1967 च्या ‘रोशफॉर’च्या चित्रपटातली माक्साँसची धून चालेल, जी जॅझवाले ‘यू मस्ट बिलीव्ह इन स्प्रिंग’ म्हणून ओळखतात. तिच्यातली कॉर्डची वळणं तुमच्या पियानोवाल्याला महिनाभर पुरतील. ‘ले फय मॉर्त’च्या कडव्याचा मी लिहून काढलेला कागद पाठवतो, टेनरच्या सुरात. आधी तोंडानं म्हणा.